शुल्क शून्य, तरी जपानमध्ये अमेरिकन गाड्या का खपत नाहीत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. जपान परदेशी मोटारींवर एक येनही आयात शुल्क घेत नाही. तरीही टोकियोच्या रस्त्यावर शेव्हरोले किंवा फोर्ड शोधून काढावी लागते. मग जपानने छुपे अडथळे घालून ठेवलेत, की अमेरिकन गाड्यांतच दम नाही? आणि २०२५ मध्ये झालेल्या अमेरिका-जपान करारामुळे हे चित्र बदलेल का?

जपानमध्ये परदेशी गाड्या आणून विकण्याच्या धंद्यात मी बरीच वर्षं आहे. सुरुवातीला गाड्यांना इथल्या नियमांप्रमाणे मान्यता मिळवून देणं हे माझं काम होतं. पुढे डीलर नेमणं आणि ते टिकवणं माझ्याकडे आलं. त्यामुळे सरकारी तपासणीची बाजूही पाहिली आणि शोरूममधलीही. तुम्ही दिलेले दोन्ही पर्याय आपापल्या जागी थोडेथोडे खरे आहेत, पण दोन्ही एकत्र केले तरी उत्तर पुरं होत नाही. कारण इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. गाडी देशात येऊ शकते का, हा एक. आलेली गाडी वर्षानुवर्षं फायद्यात विकता येते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सरकारं देतात. दुसऱ्याचं उत्तर कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

पुढचं सगळं कशावर अवलंबून आहे, तेही आधीच सांगते. गाडी कुठल्या वर्गातली, कंपनी किती वर्षं तोटा सोसायला तयार आहे आणि येनचा भाव काय आहे, या तीन गोष्टी बदलल्या की माझं उत्तरही बदलतं. मी बोलतेय ते साधारण ३० ते ६० लाख येनच्या, रोज वापरायच्या गाड्यांबद्दल. फेरारी विकणाऱ्याला यातलं निम्मं लागू होत नाही.

आता अडथळ्यांबद्दल. 'जपानचं शुल्क १९७८ पासून शून्य आहे' हे वाक्य खरं आहे, पण जपानची बाजू मांडणारे ते एवढंच सांगून थांबतात, हे मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी जपानच्या रस्त्यांवर अमेरिकन गाड्यांचंच राज्य होतं. फोर्डने १९२५ मध्ये योकोहामात आणि जनरल मोटर्सने १९२७ मध्ये ओसाकात सुटे भाग आणून गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. १९३६ च्या मोटार उत्पादन कायद्याने त्यांच्याभोवती फास आवळला आणि १९३९ पर्यंत दोघांचं काम बंद पडलं. युद्धानंतर परकीय चलनाची टंचाई होती, म्हणून प्रवासी गाड्यांची आयात १९६५ पर्यंत मोकळी झालीच नाही. मोकळी झाल्यावरही शुल्क भरपूर होतं. ते उतरत उतरत १९७८ मध्ये शून्यावर आलं. म्हणजे दार उघडलं तेव्हा टोयोटा आणि निस्सान आतमध्ये चांगल्या तगड्या झालेल्या होत्या.

शुल्क गेल्यावरही एक मेख उरली होती. १९८९ पर्यंत २,००० सीसीपेक्षा मोठं इंजिन किंवा १.७ मीटरपेक्षा जास्त रुंदी असलेली गाडी वरच्या वर्गात मोडायची, आणि त्या वर्गाचा वार्षिक कर खालच्या वर्गाच्या दुपटीच्या आसपास होता. नियमात कुठल्याही देशाचं नाव नव्हतं, जपानी गाडीलाही तो तितकाच लागू होता. पण जपानी कंपन्यांच्या बहुतेक गाड्या या मापाच्या आत बसवलेल्या असायच्या आणि अमेरिकेच्या जवळजवळ सगळ्या बाहेर. कागदावर समान असलेला नियम प्रत्यक्षात एकाच बाजूला कसा झुकतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. १९८९ मध्ये करांची फेररचना झाली आणि हा नियम गेला. गंमत म्हणजे तो गेल्यावर जपानी गाड्याही रुंद व्हायला लागल्या. तेव्हा अमेरिकनांची तक्रार मनाचे खेळ होती, असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही.

मग आज काय उरलंय? खरा अडथळा एकच, आणि तो गाडीच्या मान्यतेचा. अमेरिकेत कंपनी स्वतःच जाहीर करते की आमची गाडी सुरक्षा मानकांत बसते, आणि विकायला लागते. सरकार नंतर तपासतं. जपानात, युरोपसारखंच, आधी सरकारी यंत्रणेकडून मान्यता घ्यायची आणि मग विकायची. जपान १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या वाहन नियम करारात सामील झाला. या कराराचा फायदा असा की हेडलाइट, ब्रेक, सीटबेल्ट अशा एकेका भागाची मान्यता जर्मनीत मिळाली की जपानातही धरली जाते. अमेरिका या करारात नाही. त्यामुळे म्युनिकहून येणाऱ्या गाडीचे बरेचसे कागद आधीच तयार असतात आणि डेट्रॉइटहून येणाऱ्या गाडीचे इथे नव्याने करावे लागतात.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल असला तरी चालतो, जपानात तो पिवळसर नारिंगीच लागतो. म्हणजे मागचा दिवा बदलायचा, त्यातली वायरिंग बदलायची, कधी कधी दिव्याचा साचाच नवा करायचा. इथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून हेडलाइटचा झोत दुसऱ्या बाजूला झुकवावा लागतो. उंच गाडी असेल तर आणखी एक तपासणी. गाडीच्या नाकाशी आणि डाव्या पुढच्या चाकाशी एक मीटर उंच आणि ३० सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल उभा करतात, साधारण लहान मुलाच्या उंचीचा. चालकाच्या जागी बसून तो थेट, आरशात किंवा कॅमेऱ्यात दिसायला हवा. जपानातल्या कित्येक उंच गाड्यांच्या डाव्या मडगार्डवर जो छोटासा आरसा दिसतो, तो याचसाठी. हा नियम मला मनापासून योग्य वाटतो. अरुंद गल्लीत शाळेत निघालेली मुलं गाडीच्या नाकाशी येतात, हे इथे रोजचं आहे. पण त्याचा खर्च आहे, आणि तो आणणाऱ्याच्या माथी बसतो.

कमी संख्येने येणाऱ्या गाड्यांसाठी जपानने सोपी वाटही ठेवली आहे. एका प्रकारच्या वर्षाला २,००० पर्यंत गाड्या कमी कागदांवर, पूर्ण मान्यतेशिवाय आणता यायच्या. २०१३ मध्ये ही मर्यादा ५,००० झाली. वर्षाला ५,००० गाड्या खपणारं अमेरिकन मॉडेल जपानात सहसा नसतंच, तेव्हा ही मर्यादा बहुतेकांना कधी बोचलीच नाही.

आता जो मुद्दा चर्चेत जवळजवळ येतच नाही, त्याच्याकडे येते. माझ्या मते सगळ्याची गोम इथे आहे.

समजा, एक मॉडेल जपानसाठी तयार करायला ३०० कोटी येन लागतात. आकडा फक्त हिशेबापुरता घेतलाय. त्यात उजवीकडचं स्टिअरिंग आलं, दिवे, तपासण्या, जपानी भाषेतला नेव्हिगेशनचा पडदा, मेकॅनिकचं प्रशिक्षण, सुट्या भागांचा साठा, डीलरला द्यायची मदत असं सगळं आलं. गाडी वर्षाला ५,००० या हिशेबाने पाच वर्षं विकली, तर २५,००० गाड्या होतात आणि प्रत्येकीवर १ लाख २० हजार येनचा बोजा पडतो. तीच गाडी वर्षाला ५०० विकली, तर बोजा १२ लाख येन. गाडी ४० लाखांची असेल, तर हा बोजा ३० टक्के झाला. युरोप परदेशी गाडीवर सर्वसाधारणपणे १० टक्के शुल्क लावतो, म्हणजे त्याच्या तिप्पट. हे ३० टक्के कुठलंच सरकार वसूल करत नाही, कुठल्याही वाटाघाटीत ते कमी करता येत नाही. ते कमी विक्रीतून जन्मतं. ते किमतीत घातलं की गाडी महाग होते, महाग झाली की विक्री आणखी घटते, आणि पुढच्या वर्षी बोजा अजून वाढतो. या चक्रात सापडलेली कंपनी दोनच गोष्टी करू शकते. एक तर बरीच वर्षं तोटा सोसून विक्री त्या पातळीवर न्यायची, नाही तर गाशा गुंडाळायचा. फोर्डने दुसरं केलं. २०१५ मध्ये जपानात त्यांच्या ५,००० च्या आसपास गाड्या विकल्या गेल्या, तेही सगळी मॉडेल मिळून, आणि २०१६ अखेर त्यांनी इथली विक्री बंद केली.

यावर तुम्ही म्हणाल की परदेशात बनलेली गाडी जपानी माणूस घेतच नसेल, तर विक्री वाढणार कशी? ही शंका तपासून पाहायला आपल्या हातात एक उत्तम उदाहरण आहे. होंडाची डब्ल्यूआर-व्ही २०२४ च्या मार्चपासून जपानात विकली जाते, ती भारतात बनते. सुझुकीची फ्राँक्सही त्याच वर्षी भारतातून इथे आली. पुढच्या वर्षी भारतातच बनलेली पाच दारांची जिम्नी नोमादे जाहीर झाली आणि चार-पाच दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्यामुळे कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. यातली एकही गाडी जपानात बनलेली नाही. या सगळ्या बंदरावर उतरतात, शुल्क सगळ्यांना शून्य, तपासणीचे नियम तेच. फरक एवढाच की सुझुकी आणि होंडाची शोरूम देशभर आधीपासून उभी आहेत, मेकॅनिक शिकलेले आहेत, सुटे भाग पोहोचवणारी गाडी रोज तसंही फेरी मारतेच. माझ्या हिशेबातले ३०० कोटी त्यांच्यासाठी फार मोठ्या प्रमाणात आधीच खर्च होऊन गेलेत. परदेशात बनणं हा अडथळा नाही. परक्या कंपनीला सगळं शून्यापासून उभं करावं लागतं, हा आहे.

डीलरचं महत्त्व जपानात इतकं का, ते सांगायला हवं. नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी होते, पुढे दर दोन वर्षांनी. इथे तिला शाकेन म्हणतात. ती चुकवता येत नाही, खर्चिक आहे, आणि बहुतेक लोक ती गाडी जिथून घेतली त्या डीलरकडेच करून घेतात. म्हणजे ग्राहक गाडी घेतो तेव्हा तो पुढच्या सात-आठ वर्षांचं नातं विकत घेत असतो. शोरूम घरापासून दीड तासावर असेल, तपासणीच्या दिवसांत बदली गाडी मिळणार नसेल, बंपर फुटल्यावर नवा बंपर जहाजाने यायचा असेल, तर गाडी कितीही चांगली असली तरी तो दुसरीकडे वळतो. आमच्याकडे येऊन, गाडी चालवून, आवडून परत गेलेल्या ग्राहकांना मी कारण विचारते. 'गाडी वाईट वाटली' असं उत्तर फार क्वचित येतं. 'माझ्या भागात सर्व्हिसला कोण आहे?' हे मात्र सारखं येतं.

हे अमेरिकन सरकारच्याही लक्षात आलं होतं. १९९५ चा वाद तुमच्या वाचनात आला असेल. अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी मिकी कँटर यांनी जपानच्या १३ महागड्या मॉडेलांवर १०० टक्के शुल्क लावायची धमकी दिली होती, समोर जपानचे व्यापार मंत्री र्‍युतारो हाशिमोतो होते, आणि जून अखेर जिनिव्हात तडजोड झाली. त्या वादाचा एक मोठा भाग डीलरबद्दलच होता. जपानी डीलर जपानी कंपनीच्या पैशांवर आणि मर्जीवर चालतो, त्यामुळे तो शेजारी परदेशी गाडी उभी करायला धजत नाही, ही तक्रार होती. तक्रारीत तथ्य होतं. तडजोडीनंतर जपानी सरकारने डीलरांना सांगितलं की तुम्ही परदेशी गाड्या विकायला मोकळे आहात.

पुढे काय झालं, हे महत्त्वाचं. टोयोटाने स्वतःच्या डीलरांमार्फत जनरल मोटर्सची कॅव्हेलियर 'टोयोटा कॅव्हेलियर' या नावाने १९९६ पासून विकायला घेतली. ओहायोत बनलेली, उजव्या स्टिअरिंगची, टोयोटाचं बोधचिन्ह लावलेली. याहून चांगला डीलर कुणाला मिळणार? वर्षाला २० हजार गाड्यांचं लक्ष्य होतं. ते गाठणं जमलं नाही आणि २००० मध्ये विक्री थांबली. गाडीचं इंजिन २.४ लिटरचं, म्हणजे वार्षिक कर वरच्या टप्प्यातला, रुंदी १.७ मीटरच्या पुढे. आणि आतल्या प्लास्टिकची, दारांच्या फटींची घडण त्याच शोरूममध्ये चार पावलांवर उभ्या असलेल्या टोयोटाच्या स्वतःच्या गाडीसमोर उघडी पडायची. डीलर मिळाला, पण गाडी या बाजारासाठी बनवलेली नव्हती. त्या सुमाराचा येनचा भावही ध्यानात घ्या. एप्रिल १९९५ मध्ये डॉलर ८० येनच्याही खाली गेला होता. अमेरिकन गाडीला याहून अनुकूल भाव मिळणं कठीण. विक्री काही काळ वाढलीही, पण ती टिकली नाही.

इथवरचं थोडक्यात: शुल्क गेलं, करातली मेख गेली, डीलरला मोकळीक मिळाली, चलनानेही साथ दिली. एकेक अडथळा दूर होत असताना विक्री मात्र थोडी वर येऊन पुन्हा बसत राहिली. म्हणून मी अडथळ्यांकडून गाडीकडे आणि ग्राहकाच्या घराकडे वळते.

घराकडे, हे शब्दशः म्हणतेय. जपानात बहुतेक ठिकाणी गाडी नोंदवायला आधी पार्किंगच्या जागेचा दाखला लागतो, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. १९६२ पासूनचा हा कायदा आहे. शहरातल्या अपार्टमेंटमध्ये ही जागा बऱ्याचदा यांत्रिक असते: लोखंडी तबकावर गाडी चढवायची, बटण दाबायचं, तबक वर किंवा जमिनीखाली जातं. अशा यंत्राच्या खांबावर एक पत्रा लावलेला असतो. त्यावर लांबी, रुंदी, उंची आणि वजन असे चार आकडे. जुन्या यंत्रांत रुंदी १.८५ मीटर आणि उंची १.५५ मीटर ही मापं पुष्कळदा दिसतात. आमचा अनुभवी विक्रेता ग्राहकाला किंमत सांगण्याआधी त्या पत्र्याचा फोटो मागतो, आणि शंका असली तर टेप घेऊन स्वतः जातो. तबकाच्या कडेला चाकासाठी जी खाच असते तिची रुंदी मोजतो, आरसे मिटल्यावर किती जागा उरते ते पाहतो. गाडी १.९ मीटर रुंद असेल तर बोलणं तिथेच संपतं. फोर्डची मस्टँग आणि शेव्हरोलेची कॅमेरो याच मापाच्या आहेत. टोयोटाची अल्फार्ड ही भलीमोठी व्हॅन आहे, पण तिची रुंदी बरोबर १.८५ मीटर ठेवली आहे, आणि हा योगायोग मुळीच नाही. (विजेवरच्या गाड्यांना आता चौथा आकडाही नडायला लागलाय. बॅटरीमुळे वजन वाढतं, आणि जुनी यंत्रं तेवढं पेलत नाहीत.)

याच्या जोडीला केई गाड्या. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी या मापात बसणारी गाडी. वार्षिक कर १०,८०० येन, तर दीड ते दोन लिटरच्या साध्या गाडीला ३६,००० येन. जपानात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त या वर्गातल्या असतात. अमेरिकन कंपन्यांनी हा वर्ग म्हणजेच अडथळा, असं बऱ्याचदा म्हटलंय. मला ते अर्धंच पटतं. जगात दुसरीकडे कुठे न खपणारं माप ठरवलं की घरच्या कंपन्यांना फायदा होतो, हे खरं. पण वर्ग परदेशी कंपन्यांना बंद कधीच नव्हता. स्मार्टने २००१ च्या सुमारास मागचे टायर आणि मडगार्ड अरुंद करून आपली गाडी या मापात बसवली होती. ब्रिटनच्या कॅटरहॅमने तर सुझुकीचंच ६६० सीसी इंजिन घालून अशी गाडी काढली. आणि चीनच्या बीवायडीने २०२५ च्या टोकियोतल्या प्रदर्शनात जपानसाठी मुद्दाम बनवलेली, सरकत्या दाराची विजेवरची केई गाडी दाखवली. ती किती खपेल हे मी आज सांगणार नाही. पण आपल्या देशात कधीही न विकली जाणारी गाडी एका परक्या बाजारासाठी आखायला बसणं, ही या धंद्यातली सगळ्यात महाग गुंतवणूक आहे, आणि डीलरला त्याचा अर्थ लगेच कळतो: ही कंपनी राहायला आलीय.

टिकून राहण्याचा मुद्दा मला वाटतं युरोपियनांनी सर्वांत नीट ओळखला. बीएमडब्ल्यूने १९८१ मध्येच जपानात स्वतःच्या मालकीची कंपनी उभी केली, आयातदारावर विसंबून राहणं सोडलं. मर्सिडीजने १९८६ मध्ये तेच केलं, पण यानासे या जुन्या, देशभर पसरलेल्या विक्रेत्याची साथ सोडली नाही. आज मर्सिडीज वर्षाला ५० हजारांच्या वर गाड्या विकते. सगळ्या परदेशी कंपन्यांची मिळून २०२४ ची विक्री सव्वादोन लाखांच्या आसपास होती, आणि त्यात अमेरिकन नावांचा वाटा २० हजारांच्या आत. दोघांना शुल्क सारखं, रस्ते तेच, पार्किंग तेच. मान्यतेचा खर्च अमेरिकनांना जास्त येतो हे मी वर मान्य केलंच आहे. पण हा दहापट फरक त्याने भरून निघत नाही.

आणि अमेरिकन गाडी जपानात चालतच नाही, असंही नाही. जीप पाहा. नव्वदच्या दशकात उजव्या स्टिअरिंगची चेरोकी होंडाच्या डीलरांकडे मिळायची आणि चांगली खपायची. २०२१ मध्ये जीपने १४ हजारांहून जास्त गाड्या विकल्या. रँग्लर रुंद आहे, पेट्रोल पिते, बऱ्याच यांत्रिक पार्किंगमध्ये जातच नाही. तरी लोक घेतात, कारण तिला जपानी पर्याय नाही. कॅव्हेलियर घेणाऱ्याला कोरोला होती, आणि कोरोला जास्त चांगली होती. म्हणून नव्या कंपनीला मी पहिला प्रश्न हा विचारते: तुमची गाडी न घेणारा माणूस त्याऐवजी काय घेईल? उत्तरात जपानी गाडीचं नाव येत असेल, तर किंमत, सर्व्हिस आणि जुनी गाडी विकतानाचा भाव, तिन्ही आघाड्यांवर त्या गाडीच्या घरी जाऊन लढायचंय. उत्तर 'दुसरं काहीच नाही' असं असेल, तर थोड्या डीलरांवरही धंदा उभा राहतो.

ह्युंदाईचा अनुभवही याच अंगाने जातो. २००१ मध्ये ही कंपनी जपानात आली, टोयोटा-होंडाच्याच वर्गातल्या गाड्या घेऊन, आणि २००९ मध्ये प्रवासी गाड्यांची विक्री थांबवून गेली. २०२२ मध्ये परत आली तेव्हा फक्त विजेवरच्या आणि हायड्रोजनवरच्या गाड्या घेऊन, आणि विक्री इंटरनेटवरून. शोरूमचा खर्च टाळला, आणि ज्या वर्गात जपानी कंपन्या अजून मागे आहेत तो निवडला. विचार बरोबर आहे. सर्व्हिसचा प्रश्न मात्र इंटरनेटने सुटत नाही, त्यामुळे वेग मंदच राहील असा माझा अंदाज आहे.

आता २०२५ च्या कराराकडे. त्यात जपानी गाड्यांवरचं अमेरिकेचं एकूण शुल्क २७.५ वरून १५ टक्के झालं, आणि अमेरिकेत बनलेल्या, तिथल्या मानकांत बसणाऱ्या गाड्या जादा तपासणीशिवाय स्वीकारायची तयारी जपानने दाखवली. माझ्या हिशेबातल्या ३०० कोटींपैकी तपासणीचा आणि दिव्यांचा भाग यामुळे हलका होईल. तो मोठा भाग आहे, पण सर्वांत मोठा नाही. उजवं स्टिअरिंग, डीलर, सुटे भाग, पार्किंगची मापं जिथल्या तिथे राहतात. असाच प्रयोग दक्षिण कोरियाशी झालेला आहे. २०१२ पासून तिथे प्रत्येक अमेरिकन कंपनीला वर्षाला २५ हजार गाड्या अमेरिकन मानकांवरच विकायची मुभा होती. २०१८ मध्ये ही मर्यादा वाढवून ५० हजार करायचं ठरलं, तेव्हा अमेरिकेत बनलेल्या गाड्यांची फोर्ड आणि जनरल मोटर्सची कोरियातली विक्री प्रत्येकी दहा हजारांच्या आतच होती. कोरियात तर स्टिअरिंगही डावीकडेच असतं.

चलनाचं वजनही या करारापेक्षा जास्त आहे. ३० हजार डॉलरची गाडी डॉलर ८० येन असताना २४ लाखांना पडते, १५० असताना ४५ लाखांना. सध्याच्या भावात डेट्रॉइटहून गाडी आणून कोरोलाशी किमतीत बरोबरी करणं कुणालाच शक्य नाही, तपासणी माफ झाली तरी. त्यामुळे या सवलतीचा पहिला फायदा जपानी कंपन्यांनाच होईल असं मला वाटतं. टोयोटाने अमेरिकेत बनलेल्या कॅमरी, हायलँडर आणि टुंड्रा जपानात आणायचं जाहीर केलेलंच आहे. शोरूम त्यांच्याकडे आहेतच.

तुम्ही अभ्यासासाठी आकडे गोळा करणार असाल तर एक काळजी घ्या. जपानच्या आयातदार संघटनेच्या तक्त्यात 'आयात गाड्या' या एकूण आकड्यात जपानी कंपन्यांच्या परदेशात बनलेल्या गाड्याही धरलेल्या असतात. परदेशी कंपन्यांचा आकडा वेगळ्या ओळीत असतो. डब्ल्यूआर-व्ही, फ्राँक्स आणि नोमादेमुळे पहिला आकडा झपाट्याने वाढला, दुसरा नाही. येत्या एक-दोन वर्षांत टोयोटाच्या अमेरिकन गाड्या त्यात मिसळल्या की 'अमेरिकेतून आयात वाढली' असे मथळे येतील. तेव्हा गाडी कुठे बनली आणि बोधचिन्ह कुणाचं, हे दोन रकाने वेगळे ठेवा, आणि जमलं तर तिसरा रकाना जोडा: त्या वर्षी त्या कंपनीची सर्व्हिस देणारी किती ठिकाणं चालू होती.